मूल घरी शिकवायचे ठरवताय? शार्लट मेसन यांच्याकडून काय घ्यावे आणि कागद कोणते सांभाळावेत

गेल्या काही वर्षांत तासगाव, सांगली, मिरज भागातले पालक तेच चार प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मुलाला शाळेतून काढले तर कायद्याचा त्रास होतो का? घरी शिकलेल्या मुलाला दहावीला बसता येते का? शार्लट मेसन पद्धतीसाठी परदेशी पुस्तकांचा संच घ्यावा लागतो का? आणि आम्हा दोघांनाही द्राक्षबागेतून सवड नाही, मग हे जमणार कसे? प्रश्न रास्त आहेत, पण ते एकमेकांत गुंतल्यामुळे पालक अडकतात. ते सोडवत एकेक घेऊ.

आधी दोन निर्णय वेगळे करा

‘मुलाला कसे शिकवायचे’ हा एक निर्णय. ‘मुलाचे नाव शाळेत ठेवायचे की नाही’ हा दुसरा. मेसनबाईंचे पुस्तक वाचून भारावलेले पालक हे दोन्ही निर्णय एकाच दिवशी घेतात, आणि तिथेच गाडे बिघडते. पहिला निर्णय तुम्ही आज संध्याकाळी घेऊ शकता. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि उद्या बदलावासा वाटला तर नुकसानही नाही. दुसऱ्या निर्णयाचे परिणाम मात्र मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाल्यावर दिसतात आणि तेव्हा ते पुसता येत नाहीत. म्हणून पद्धत आधी, शाळेचा निर्णय नंतर.

मेसनबाई कोण, आणि घरे अजून त्यांच्याकडे का वळतात

शार्लट मेसन यांचा जन्म 1842 मध्ये वेल्समधल्या बँगरचा. स्वतः अविवाहित, पेशाने शिक्षिका. ब्रॅडफर्डमध्ये आयांपुढे दिलेली त्यांची भाषणे 1886 मध्ये ‘होम एज्युकेशन’ या पुस्तकात आली. 1887 मध्ये पालकांची संघटना उभी राहिली, 1892 मध्ये अँबलसाइड या गावी शिक्षिकांचे प्रशिक्षण सुरू झाले. घरी शिकणाऱ्या मुलांना टपालाने सत्राचा अभ्यासक्रम आणि परीक्षेचे प्रश्न जात. इंग्लंडबाहेर विखुरलेली इंग्रज कुटुंबेही त्यावर मुले शिकवत. 1923 मध्ये त्या वारल्या. 1984 मध्ये सुझन शेफर मॅकॉली यांच्या पुस्तकामुळे अमेरिकेतल्या घरशाळांनी त्यांना पुन्हा उचलून धरले आणि तिथून ही लाट आपल्याकडे आली.

ही पद्धत फक्त बंगल्यातल्या, दाई ठेवणाऱ्या घरांसाठी आहे असा समज असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. 1914 मध्ये यॉर्कशायरमधल्या ड्रिगलिंग्टन या खाणगावातल्या साध्या सरकारी शाळेने हाच अभ्यासक्रम घेतला आणि खाणकामगारांच्या मुलांना तो झेपला. तो घ्यायला मूल घरी बसवावेच लागत नाही, हेही त्यातून दिसते.

त्यांच्या विचाराचे सार निर्णयापुरते असे: मूल हे जन्मापासून पूर्ण माणूस आहे. त्याला भरड, पाणी घातलेले ज्ञान देऊ नये, अस्सल पुस्तके आणि अस्सल वस्तू द्याव्यात. गुण, बक्षिसे, स्पर्धा यांच्या जोरावर शिकवू नये. आपल्याकडे बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वस्तीतल्या मुलांबरोबर केलेले काम किंवा लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय वेगळ्या मुळांतून आले, पण मुलावरचा विश्वास तोच आहे. त्यामुळे ‘हे परदेशी खूळ’ म्हणणाऱ्या आजोबांना उत्तर द्यायला तुम्हाला अँबलसाइडपर्यंत जावे लागणार नाही, कोल्हापूरपर्यंत गेलात तरी पुरे.

घरात लगेच सुरू करता येतील अशा सहा गोष्टी

1. वाचून दाखवा, मग मुलाला सांगू द्या. या पद्धतीचा कणा हाच. उतारा एकदाच वाचायचा. पुस्तक मिटायचे. मग मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगायचे. मध्ये टोकायचे नाही, ‘आणि मग काय झाले?’ असे ढोसायचे नाही, चूक असेल तर सांगून झाल्यावर दुरुस्त करायची. सहाव्या वर्षापासून तोंडी, नऊ-दहाच्या पुढे हळूहळू लेखी. वाचन एकदाच असल्यामुळे मूल लक्ष देऊन ऐकते. ज्या आईला स्वतःला वाचण्याची सवय नाही तिनेही घाबरू नये. आजीने सांगितलेली गोष्ट, कीर्तनात ऐकलेले आख्यान, ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढताना पाहिलेले सारे, यांवरही तेच करता येते. सुरुवातीला मूल दोन वाक्यांत आटपेल. चालू द्या.

2. पुस्तके मराठीच निवडा. मेसनबाईंच्या वाचनयादीत इंग्रजी पुस्तके आहेत, कारण त्यांच्यापुढची मुले इंग्रज होती. तुमच्या मुलाची भाषा मराठी असेल तर मराठी साहित्यच त्याचे पहिले अन्न. साने गुरुजींच्या गोष्टी, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, विंदा करंदीकरांच्या बालकविता, थोडे मोठे झाल्यावर व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’. माणदेश तर तुमच्या शेजारचा, त्या माणसांची बोली मुलाला परकी वाटणार नाही. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. पाठ्यपुस्तकेही तिथे मोफत मिळतात. परदेशी संचावर हजारो रुपये घालण्याची गरज नाही.

3. धडे छोटे ठेवा. सहा ते आठ वर्षांच्या मुलाला एक विषय 15 ते 20 मिनिटे. वेळ संपली की धडा संपला, मूल रंगात असले तरी. जड विषयानंतर हलका: गणितानंतर चित्र, वाचनानंतर गाणे. या वयाला रोजचे बसून शिकणे दोन तासांपुढे नेऊ नका. मेसनबाई सहा वर्षांआधी औपचारिक धडे नकोच म्हणत, त्या वयात मूल जास्तीत जास्त घराबाहेर हवे.

4. निसर्गवही ठेवा. रंगाची पेटी, कोरी वही आणि आठवड्यातून एक फेरी. पाहिलेले मुलाने चितारायचे, तारीख घालायची, नाव माहीत असेल तर लिहायचे. चित्र सुबक असावे असा हट्ट नको. द्राक्षबागेवाल्या घरात तर वर्षभराचा विषय दारात आहे:

- एप्रिल: खरड छाटणी, काडीवर नवे डोळे. बांधावर बहावा.
- जून-जुलै: पानांवरची भुरी, पावसाळी किडे, येरळा नदीचे पाणी कुठवर आले त्याची खूण.
- ऑक्टोबर: फळछाटणी, डोळे फुटून पोंगा, काही डोळ्यांत घड, काहींत घड जिरलेले.
- डिसेंबर-जानेवारी: मण्यांत पाणी उतरणे, मणी टोचणाऱ्या साळुंक्या आणि बुलबुल.
- फेब्रुवारी-मार्च: बेदाण्याचे शेड, बांधावर पळस फुललेला.

फवारणीच्या दिवशी आणि त्यानंतर औषधाच्या डब्यावर सांगितलेल्या मुदतीपर्यंत मुलाला बागेत नेऊ नका. आठवडाअखेर मोठी फेरी काढायची तर सागरेश्वर अभयारण्य किंवा दंडोबाचा डोंगर आहेच.

5. गणित आणि इतिहास हाताला लागेल असा द्या. सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेडवरची आकडेवारी मुलाकडून मांडून घ्या: किती घातले, किती निघाले, सौद्यात काय दर मिळाला. भागाकार, सरासरी, टक्के सारे त्यात येते. इतिहासासाठी मेसनबाई शतकांची वही ठेवायला सांगत, एका शतकाला एक जोडपान. तुमच्या मुलाच्या वहीत अठराव्या शतकात परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेले गणपतीचे गोपूर येऊ दे, विसाव्या शतकात 3 सप्टेंबर 1942 रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर गेलेला मोर्चा येऊ दे, आणि त्याला लागून कुंडलचे प्रतिसरकार.

6. चित्र, गाणे, हातकाम यांना किरकोळ समजू नका. एका सत्रात एकच चित्रकार, त्याची सहा चित्रे, नीट पाहून मग न पाहता सांगायची. औंधचे श्री भवानी संग्रहालय शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे, तिथे राजा रविवर्म्याची चित्रे प्रत्यक्ष पाहता येतात. मिरजेत सतार-तंबोरे करणारे कारागीर आहेत. आधी विचारून गेलात तर वाद्याचे लाकूड, भोपळा, जवारी मुलाला समोर पाहता येते.

काय घेऊ नये

- धर्मशिक्षणाचा भाग. मेसनबाई निष्ठावान ख्रिस्ती होत्या आणि त्यांचे पुष्कळ विवेचन त्यातून येते. तो भाग तुमच्या घराच्या श्रद्धेप्रमाणे बदला.
- साम्राज्याचा इतिहास. त्यांच्या काळाचा आणि देशाचा तो चष्मा होता. तुमचा इतिहास इथून सुरू करा.
- सगळा भार आईवर. त्यांच्या वाचक कुटुंबांत कामाला नोकरचाकर असत. तुमच्या घरात सून स्वयंपाक, गोठा, मजुरांचा चहा आणि वर शाळाही सांभाळणार असेल तर ती तीन महिन्यांत थकेल. वाचून दाखवणे वडिलांकडे, फेरी आजोबांकडे, हिशेब काकांकडे अशी वाटणी आधी ठरवा.
- वेळापत्रकाची भक्ती. फळछाटणीच्या आठवड्यात किंवा सौद्याच्या दिवशी धडे चुकणारच. ते दिवस मुद्दाम सुट्टीत धरा आणि पावसाळ्यात भरून काढा.

नाव शाळेत ठेवायचे की नाही: तीन वाटा

पहिली वाट: शाळा चालू, संध्याकाळ मेसनबाईंची. मूल जिल्हा परिषदेच्या किंवा खाजगी शाळेत जाते. घरी रोज अर्धा तास वाचून सांगणे, रविवारी निसर्गफेरी. गृहपाठावर गृहपाठ लादायचा नाही. शाळेत काही बदल हवे असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत या. कायद्याने तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वाचनाचा तास, गावफेरी, शनिवारचे दप्तराविना उपक्रम हे विषय तिथे मांडता येतात. तासगाव तालुक्यातल्या बहुतेक घरांसाठी हीच वाट योग्य आहे.

दुसरी वाट: पाचवीपर्यंत शाळा, मग ठरवणे. मूल मान्यताप्राप्त शाळेत पाचवी उत्तीर्ण होते, कागद हातात येतात, तोवर तुम्हालाही आपल्या मुलाचा आणि स्वतःच्या चिकाटीचा अंदाज आलेला असतो. घरशाळेचा विचार पक्का असेल तर ही वाट तुलनेने सुरक्षित. कारण पुढे कळेल.

तिसरी वाट: पहिल्यापासून पूर्ण घरशाळा. ही निवडणारी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत, पण मुख्यतः पुण्या-मुंबईकडे. तिथे एकमेकांना धरून राहणारी कुटुंबे भेटतात. तासगावात तुम्ही बहुधा एकटे असाल. मुलाला सोबती कोण, आजारपणात शिकवणार कोण, याचे उत्तर आधी शोधा.

कायदा काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे कलम 10 प्रमाणे पालकांचे कर्तव्य आहे. मात्र हे न करणाऱ्या पालकाला दंड किंवा शिक्षा या कायद्यात सांगितलेली नाही. म्हणजे पोलीस येण्याची भीती अनाठायी, पण ‘कायद्याने पूर्ण परवानगी आहे’ हे म्हणणेही खरे नाही. दिल्ली उच्च न्यायालयातल्या एका प्रकरणात केंद्र सरकारने आधी घरशाळेला अनुकूल आणि नंतर वेगळी भूमिका मांडली होती. संदिग्धता आहे, हे गृहीत धरूनच चाला.

व्यवहारात काय होते ते पाहा. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात शिक्षक तुमच्या दारात येतील आणि तुमचे मूल शाळाबाह्य म्हणून नोंदले जाईल. त्यांच्याशी वाद घालू नका, ते त्यांचे काम करत असतात. मुलाच्या वह्या दाखवा, कोणत्या परीक्षेची तयारी आहे ते सांगा, लेखी म्हणणे पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या.

एक अपवाद स्पष्ट आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय कायद्यानेच दिला आहे. तुमचे मूल या गटात असेल तर त्यासाठी शाळेतून नाव काढण्याची गरज नाही. मुख्याध्यापकांकडे आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे मागणी करा.

दहावीपर्यंत पोहोचण्याच्या वाटा

- राज्य मंडळ, फॉर्म नंबर 17. खाजगी उमेदवार म्हणून दहावीला बसण्यासाठी वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण लागते. सोबत शाळा सोडल्याचा दाखला. दुसरी वाट सुरक्षित म्हटले ते यासाठी. अर्ज परीक्षेच्या आदल्या वर्षीच भरावा लागतो. सातारा, सांगली, कोल्हापूर हे जिल्हे मंडळाच्या कोल्हापूर विभागात येतात.
- राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीच्या पातळीला 14 वर्षे पूर्ण हवीत. आधीच्या इयत्तेचे प्रमाणपत्र नसेल तर स्वयंघोषणेवर प्रवेश मिळतो. मराठी माध्यम आहे. पाच विषय, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षे चालते आणि त्यात नऊ संधी. तिसरी, पाचवी, आठवीच्या समकक्ष पातळ्याही आहेत. तिसऱ्या वाटेवरच्या मुलासाठी हा मुख्य आधार.
- महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. 2017 मध्ये राज्याने स्थापले. पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या समकक्ष परीक्षा घेते. प्रवेशाच्या अटी, शुल्क आणि जवळचे संपर्क केंद्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा.

मूल पुढे अभियांत्रिकी, वैद्यकीय किंवा कृषी पदवीकडे जाणार असेल तर बारावी विज्ञान आणि प्रयोगशाळा सहसा टळत नाही. घरशाळा दहावीपर्यंत धरा, पुढे कनिष्ठ महाविद्यालयाचा विचार ठेवा.

शाळा सोडल्यावर काय हातचे जाते

- पलूसच्या जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षा. त्यासाठी मूल जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत पाचवीत शिकत असावे लागते, आणि तिसरी-चौथीही मान्यताप्राप्त शाळेतच झालेली हवी.
- शिष्यवृत्ती परीक्षा. तिचा अर्ज शाळेमार्फत जातो.
- आठवीतली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. ती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच.
- खाजगी शाळेतली 25 टक्के राखीव जागा. ती प्रवेशाच्या पहिल्या वर्गाला मिळते. सोडलीत की त्या शाळेत परत तशीच मिळेल ही आशा ठेवू नका.
- मोफत पुस्तके, गणवेश, पोषण आहार.

कागदांची फाईल: आजच सुरू करा

घरशाळा घ्या किंवा घेऊ नका, ही फाईल हवीच.

1. जन्म प्रमाणपत्र. मुलाचे नाव त्यात घातलेले आहे का ते पाहा. अनेकांचे नाव राहून गेलेले असते. आधार कार्डावरचे स्पेलिंग त्याच्याशी जुळवा.
2. जनरल रजिस्टरची नोंद. पहिलीत प्रवेश घेताना शाळेच्या रजिस्टरमध्ये जन्मतारीख, जन्मगाव, जात-पोटजात लिहिली जाते. पुढे जात प्रमाणपत्र आणि पडताळणीला हीच नोंद पाहिली जाते. लिहिताना स्वतः समोर बसून तपासा. ज्या मुलाचे नाव कधीच शाळेत नोंदले गेले नाही, त्याला हा पुरावा उभा करताना वडील-आजोबांच्या दाखल्यांवरच अवलंबून राहावे लागते.
3. गुणपत्रके. प्रत्येक इयत्तेची, विशेषतः पाचवीची.
4. शाळा सोडल्याचा दाखला. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, सत्यप्रती काढून ठेवा.
5. कामाचा पुरावा. निसर्गवही, शतकांची वही, लेखी निवेदने, वाचलेल्या पुस्तकांची यादी, वर्षवार. सर्वेक्षणाला, परत शाळेत जाताना आणि कधीतरी प्रवेशाच्या मुलाखतीला उपयोगी पडतो.
6. पत्रव्यवहार. शाळेला आणि पंचायत समितीला दिलेले प्रत्येक पत्र, पोच शिक्क्यासह.

या फसगती टाळा

- नाव शाळेत, मूल घरी. काही जण शाळेशी बोलून हजेरी लावून घेतात. हे खोटे आहे आणि तपासणीत पहिल्यांदा शिक्षक अडकतो. मुलालाही तुम्ही पहिला धडा खोटेपणाचा देता.
- चार घरे मिळून ‘सेंटर’. एकत्र वाचन, फेऱ्या जरूर करा. पण रोज ठराविक वेळेला, फी घेऊन, नेमलेल्या शिक्षकासह वर्ग चालू लागला की ती मान्यतेविना शाळा ठरू शकते. कलम 18 प्रमाणे तसे करणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंड आहे. तसेच एखादी संस्था ‘आमचे घरशाळा प्रमाणपत्र चालते’ म्हणत फी मागत असेल तर ते प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे, हे लेखी विचारा.
- घरशाळेच्या नावाखाली मुलीची शाळा बंद. मुलगी घरी बसून धाकट्याला सांभाळत असेल, बेदाणा निवडत असेल तर ती घरशाळा नव्हे. मुलाला आणि मुलीला सारखेच तास, सारखीच पुस्तके, सारखीच दहावी. हे पाळता येत नसेल तर मुलीला शाळेतच पाठवा.
- बागेतले काम म्हणजे शिक्षण. पाहणे, मोजणे, नोंदवणे हे शिक्षण. मजुराच्या जागी मुलाला उभे करणे हे शिक्षण नाही. 14 वर्षांखालच्या मुलाला घरच्या धंद्यातही फक्त शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत आणि धोका नसलेल्या कामात मदत करता येते. फवारणी, डिपिंग, यंत्रे यांपासून लांब ठेवा.
- वाचता येत नाही हे उशिरा लक्षात येणे. गोष्टी छान सांगणारे मूल नऊ वर्षांचे झाले तरी अडखळत वाचत असेल तर ‘त्याच्या गतीने येईल’ म्हणत थांबू नका. डोळे, कान तपासा, अध्ययन अक्षमतेची तपासणी जिल्हा शासकीय रुग्णालयात विचारा.

परत शाळेत जायचे असेल तर तुमचे हक्क

घरशाळा जमली नाही म्हणून संकोचू नका. कायदा तुमच्या बाजूने आहे.

- चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. मागे पडले असेल तर विशेष प्रशिक्षणही मिळाले पाहिजे (कलम 4).
- वर्ष मध्यावर आले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (कलम 15).
- वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही (कलम 14).
- मुलाची किंवा पालकांची प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही (कलम 13).
- शाळा बदलताना दाखला ताबडतोब दिला पाहिजे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही (कलम 5).

शाळेने अडवले तर आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. उत्तर आले नाही तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग सांगलीला जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक पायरीवर पोच घ्या. तोंडी बोलण्याला पुढे किंमत राहत नाही.

निर्णयाआधी घरात बसून ही उत्तरे लिहा

1. सलग सहा महिने आम्ही रोज वाचून सांगण्याचा अर्धा तास पाळला आहे का?
2. शिकवण्याची वाटणी कुणाकुणात? प्रत्येकाने मान्य केली आहे का?
3. मुलाला आठवड्यातून किमान तीन दिवस बरोबरीची मुले भेटतील का?
4. दहावी कोणत्या मंडळाची, आणि त्यासाठी लागणारे कागद आज हातात आहेत का?
5. मूल स्वतः काय म्हणते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर उरलेल्या चारांकडे जाऊच नका. शाळा चालू ठेवून आधी तो अर्धा तास पाळून दाखवा. मेसनबाईंची पद्धत तुम्हाला आज संध्याकाळपासून मोफत वापरता येते. शाळेचा दाखला मात्र मुलाच्या पुढच्या आयुष्याचा कागद आहे, तो काढून घेण्याआधी पाचवीचे गुणपत्रक फाईलला लागलेले असू द्या.